चहाच्या वेळेचं खाणं आणि वजनाचा काटा

वजन कमी करायचं ठरलं की घरात पहिली गदा येते ती भाकरीवर. तीनच्या दोन होतात, दोनाची एक होते. शेजारच्या शेंगदाण्याच्या चटणीकडे आणि त्या चटणीत आळं करून ओतलेल्या तेलाकडे मात्र कुणी बघत नाही. हिशेब मांडून बघा. ज्वारीच्या मध्यम भाकरीला साधारण ७५ ग्रॅम पीठ लागतं. तिच्यात २५० कॅलरी, सात ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा मिळतो. दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम चटणी ११० कॅलरीची. वरून मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिली करडीचं किंवा शेंगदाण्याचं तेल घेतलं तर आणखी १२०. चटणी-तेल भाकरीच्या बरोबरीला आलं, आणि पोट भरतं ते भाकरीनंच. ज्वारी मालदांडी असो की परभणी मोती, तिच्यावर राग काढून वजन हलत नाही.

कारण साधं आहे. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन ४ कॅलरी देतं, तर एक ग्रॅम तेल किंवा तूप ९. करडीचं तेल हृदयाला बरं, घाण्याचं तेल शुद्ध, हे खरं असलं तरी कॅलरी सगळ्याच तेलांत सारख्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सुचवलेल्या २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो झालं. आता आपल्या घरी काय होतं ते तपासायला सोपी युक्ती आहे: तेलाचा डबा फोडला की त्यावर तारीख लिहायची. १५ किलोचा डबा चौघांत दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज ६२ ग्रॅम तेल पोटात जातंय. ते २० ग्रॅमवर आणलं तर एका माणसाच्या रोजच्या ३७५ कॅलरी भाकरीला हात न लावता कमी होतात. फोडणीला पळी वापरणं बंद करा. चौघांच्या भाजीला चार लहान चमचे तेल पुरतं. रश्श्यावरची तर्री बाजूला सारून वाढा. येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) घातलेल्या आमटीला घट्टपणा पिठामुळे येतो, तिला तेलाची फार गरजच नसते.

तूट किती ठेवायची

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरींचा साठा. रोज खर्चापेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर किलोभर उतरायला कागदावर पंधरा दिवस लागतात, प्रत्यक्षात थोडे जास्तच. त्यामुळे महिन्याला दीड-दोन किलो ही चांगली गती आहे. ‘महिन्यात दहा किलो’ अशी पाटी दिसली की पुढे चालू लागावं. तेवढ्या वेगानं उतरतं त्यात पाणी आणि स्नायू बरेच असतात, आणि स्नायू गेले की शरीराचा रोजचा खर्चही खाली येतो.

उदाहरण घेऊ. चाळिशीतली बाई, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७० किलो, घरकाम किंवा बसून नोकरी. तिचा दिवसाचा खर्च १,७५० कॅलरींच्या आसपास येतो. तिनं १,३०० ते १,४०० खायच्या. यापेक्षा खूप खाली गेलं की पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री उतरंडीतला लाडू हाताला लागतोच, आणि त्याचा दोष मनाच्या दुबळेपणाला देण्यात अर्थ नाही. भूक साठत गेलेली असते.

ती साठते कधी, हे महत्त्वाचं. आपल्याकडे दुपारचं जेवण एक-दीडला आणि रात्रीचं नऊला. दुकान बंद करून, शेतावरून येऊन जेवणाऱ्यांचं साडेनऊ-दहालाही. मध्ये सात-आठ तासांची खिंड. वजन कमी करणारे याच वेळी ‘मी काही खात नाही’ म्हणून नुसत्या चहावर राहतात. मग साडेसातला स्वयंपाक होता-होता मूठभर शेव, कढईतलं गरम भजं, पोरांच्या ताटातलं उरलेलं. हे कुणीच खाण्यात मोजत नाही. त्यानंतर जेवणही जास्तच जातं. म्हणून आमचं म्हणणं असं की मधलं खाणं बंद करू नका, ते पाच ते साडेपाचला बसवा. रात्री ताटात किती भाकरी पडणार ते बहुतेक वेळा तिथंच ठरतं.

पाच वाजता काय

दीडशे ते दोनशे कॅलरी, त्यात थोडी प्रथिनं आणि थोडा चोथा, आणि वाटीत मोजून घेतलेलं. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. पुडा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलं की हात थांबत नाही.

फुटाणे यात पहिल्या नंबरावर. ३० ग्रॅम फुटाण्यांत ११० कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं, चावायला वेळ लागतो, आणि जत्रेपासून एसटी स्टँडपर्यंत कुठंही मिळतात. सालासकट खा, बराचसा चोथा सालात असतो. मोड आलेली मटकी वाफवून कांदा-लिंबू पिळून घेतली तर तीही चालते. उकडलेलं एक अंडं सत्तर-पंच्याहत्तर कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं देतं. दोन खाल्ली तरी हिशेबात बसतं.

शेंगदाणे चांगले, फक्त ते मोजूनच. २० ग्रॅम, म्हणजे अर्धी मूठ, ११० कॅलरी. मराठवाड्याच्या घरात शेंगदाणा दिवसभर वेगवेगळ्या रूपांत पोटात जातो: सकाळी पोह्यांत, दुपारी भाजीत कूट म्हणून, ताटात चटणी म्हणून, संध्याकाळी भाजून गुळासोबत. प्रत्येक ठिकाणी थोडाच असतो, आणि बेरीज शंभर ग्रॅमवर जाते. शंभर ग्रॅम म्हणजे साडेपाचशे कॅलरी. दिवसभराचे शेंगदाणे सकाळीच एका वाटीत ३० ग्रॅम काढून ठेवा, कूट-चटणी-दाणे जे काही असेल ते त्यातून. वाटी संपली की संपलं.

सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला पदार्थ, हा चांगला पर्याय आहे, घरी केला तर. एका माणसाला ३० ग्रॅम मुरमुरे (दोन मोठ्या मुठी), एक लहान चमचा तेल, १० ग्रॅम शेंगदाणे, भरपूर कांदा-कोथिंबीर, वरून लिंबू: २१० कॅलरी. बिघडतं कुठं? मुरमुरे भिजवून पिळले की आकारानं निम्मे होतात, म्हणून ‘एवढेसेच दिसतात’ करत दुप्पट घेतले जातात. त्यावर फोडणीत दोन पळ्या तेल, डाळव्याचं पीठ आणि शेवटी मूठभर शेव. मग तीच प्लेट साडेचारशेवर जाते आणि तिला हलकं खाणं म्हणण्यात काही उरत नाही.

फरसाण-शेवेचं सरळ सांगायचं तर ५० ग्रॅमला पावणेतीनशे कॅलरी, प्रथिनं किरकोळ, मीठ भरपूर. ‘भाजका’ किंवा ‘डायट’ चिवडा म्हणून मिळतो त्याच्या पुड्यावर मागं बघा. १०० ग्रॅममागं स्निग्ध पदार्थ २० ग्रॅमच्या वर असतील तर तो तळलेल्याचाच भाऊ आहे. पातळ पोह्यांचा घरचा चिवडाही सुटत नाही, त्यात खोबरं, डाळवं, शेंगदाणे आणि कढईभर फोडणी असते.

फळ पाचला खायचं असेल तर अख्खं. जालन्याच्या भागात मोसंबी घरची असते, आणि घरची आहे म्हणून तिचा रस काढून तांब्याभर प्यायला जातो. एका ग्लासाला तीन-चार मोसंबी लागतात. तेवढी सोलून कुणी खात नाही. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ चालतं, मध्यम आकाराचं एक, शंभर कॅलरी. उसाचा रस म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर: २०० मिलीच्या ग्लासात ती ३० ग्रॅमच्या आसपास असते. रसवंतीवर बसायचंच असेल तर हाफ घ्या आणि त्या दिवशीचं मधलं खाणं तेच धरा.

चहा

चहा वेगळा काढावा लागतो, कारण तो खाणं म्हणून कुणी धरत नाही. शंभर मिलीचा कप, अर्धं म्हशीचं दूध, दीड चमचा साखर: ८० कॅलरी. सकाळी उठल्यावर, नाश्त्यासोबत, अकराला टपरीवर, चारला, आणि कुणी आलं म्हणून. पाच कप म्हणजे चारशे कॅलरी, दीड भाकरीपेक्षा जास्त. त्यासोबत बुडवलेलं टोस्ट, खारी, बिस्किटं वेगळी. साखर एकदम सोडली की आठवडाभरात परत येते. आधी दीडचा एक चमचा करा, पंधरा दिवसांनी अर्धा. जीभ तेवढ्यात सरावते. कप दिवसाला दोन ठरवा. पाहुण्याकडे ‘नको’ म्हणणं जमत नाही, तिथं अर्धा कप मागा. त्यावर कुणी रुसत नाही. गूळ घालून काही साधत नाही, त्याच्या कॅलरी साखरेइतक्याच.

एक दिवस असा बसतो

वर घेतलेल्या सत्तर किलोच्या बाईसाठी एक साधा दिवस. सकाळी एक चमचा साखरेचा चहा, ७०. नऊला एक धपाटं, ६० ग्रॅम मिश्र पिठाचं, एक लहान चमचा तेलात भाजलेलं, सोबत अर्धी वाटी दही, ३००. दीडला ७५ ग्रॅम पिठाची भाकरी, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, एक चमचा तेलात केलेली पालेभाजी (करडई, चुका, अंबाडी, जे माळवं मिळेल ते), कांदा-काकडी, ४४५. पाचला फुटाणे आणि चहा, १८०. आठला ५० ग्रॅम पिठाची लहान भाकरी, मटकीची उसळ, ग्लासभर ताक, ३५५. बेरीज १,३५० येते.

यात प्रथिनं पन्नास ग्रॅमच्या आसपास बसतात, आणि ती कमी पडतात. वजन उतरवताना किलोमागं किमान एक ग्रॅम तरी लागतं, म्हणजे हिला सत्तर. मांसाहार करणाऱ्यांना ते सोपं आहे, दोन अंडी किंवा शंभर ग्रॅम चिकन. शाकाहारी घरात लातूर-नांदेड पट्ट्यातल्या प्रत्येक किराणा दुकानात मिळणारी सोयाबीन वडी वापरा. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं आणि फक्त शंभर कॅलरी. सोयाबीन पिकवून सगळंच्या सगळं बाजारात घालायचं आणि घरात प्रथिनं कमी, असा हा भाग आहे. वड्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळल्या की वास जातो; न पिळता रश्श्यात टाकल्या म्हणूनच त्या बहुतेकांना आवडत नाहीत. आणि वरणाचं पाणी करू नका. चौघांत मूठभर डाळ घालून वाढवलेल्या वरणात माणशी तीन ग्रॅमही प्रथिनं येत नाहीत.

वाटीचा घोळ जाता जाता सांगायला हवा. कुणाची वाटी शंभर मिलीची, कुणाची अडीचशेची. दोन-तीनशे रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा आठवडाभर वापरा, पीठ-दाणे-तेल एकदा वजन करून बघा. मग डोळ्याला माप बसतं आणि काटा कपाटात गेला तरी चालतं.

उपासाच्या दिवशी गणित उलटं होतं. साबुदाण्याच्या खिचडीची मध्यम प्लेट, म्हणजे ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, दोन चमचे तूप, ४७० कॅलरींची असते. ती सकाळी आणि रात्री, मध्ये वेफर्स आणि शेंगदाण्याचा लाडू. नवरात्रात नऊ दिवस असं केलं तर वजन वाढलेलं असणारच. भगर, दही आणि पातळ शेंगदाण्याची आमटी एका वेळेला, दुसऱ्या वेळेला फळ आणि ताक, असा उपास हलका जातो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी उपास असो की हा आहार, खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्यावा. औषध तेवढंच ठेवून भाकरी निम्मी केली तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. गरोदर बायांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे आकडे स्वतःला लावू नयेत.

व्यायाम कशासाठी

सत्तर किलोच्या माणसानं ताशी पाच किलोमीटरच्या वेगानं पाऊण तास चाललं, तर नुसतं बसून जे जळलं असतं ते वजा जाता १३० कॅलरी जास्त जळतात. ५० ग्रॅम फरसाण फेडायला दीड तास चालावं लागेल. त्यामुळे सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारून परतताना गाड्यावर इडली-वडा आणि चहा घेणाऱ्या मंडळींचं वजन वर्षानुवर्षं आहे तिथंच राहतं, आणि ते म्हणतात, ‘आम्हाला चालणं लागू होत नाही.’ चालणं लागू झालेलं असतं, फक्त गाड्यावर परत केलेलं असतं.

मग चालायचं कशाला? कमी खाऊन वजन उतरतं तेव्हा त्यात पाव हिस्सा स्नायूंचा असू शकतो. ताकदीचा व्यायाम केला की स्नायू राखले जातात. चालण्यानं साखर आणि रक्तदाब सुधारतो, झोप लागते, आणि उतरलेलं वजन परत चढू नये यासाठी तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरी हिशेबात धरा, साखरेसाठी ती फार कामाची आहे.

ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, १० वेळा. भिंतीला हात लावून जोर, १० वेळा. अर्धी भरलेली बादली प्रत्येक हातात घेऊन अंगणात ३० पावलं. पायरीवर उभं राहून टाचा उचलणं, १५ वेळा. हे चारही करून दोन मिनिटं थांबायचं, आणि असे तीन फेरे. वीस-पंचवीस मिनिटांत होतं, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. दोन आठवड्यांनी सोपं वाटायला लागलं की बादली भरा, खुर्चीऐवजी अर्ध्या उठाबशा काढा. तेच ते सोपं करत राहिलं तर स्नायूंना राहायचं कारण उरत नाही. गुडघा दुखत असेल तर उंच खुर्ची घ्या आणि खोल बसू नका.

हवामानाप्रमाणे वेळ बदलावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी साडेसातला निघणं म्हणजे उशीर. साडेपाचला निघून साडेसहाला घरात. घाम यावा म्हणून जाड कपडे किंवा प्लास्टिकचा पट्टा बांधून चालणाऱ्यांचं जे वजन कमी दिसतं ते पाणी असतं, दोन ग्लास प्यायलं की परत येतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदीतून चालता येत नाही, म्हणून बरेचजण जुलैत थांबतात ते दिवाळीपर्यंत. त्या महिन्यांसाठी जिना, गच्ची किंवा घरातल्या घरात वीस मिनिटं हे आधीच ठरवून ठेवा.

दिवसभर खुरपणी, काढणी करणाऱ्या बाईला हे सगळं लागू नाही. तिचा खर्चच मोठा असतो. अडचण त्यांची आहे ज्यांचं शेत बटईनं गेलं, कामाला ट्रॅक्टर आला, दारात मोटारसायकल उभी राहिली, आणि ताट मात्र वडिलांच्या वेळचंच राहिलं.

काटा फसवतो तेव्हा

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात, त्यात पाणीच जास्त. चौथ्या आठवड्यात काटा हलत नाही आणि लोक सोडून देतात. आदल्या रात्रीचं खारट खाणं, पोट साफ न होणं, पाळीचे दिवस, यानं वजन एका दिवसात किलो-दीड किलोनं वर-खाली होतं. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि त्या तिन्हींची सरासरी लिहा. सोबत टेपनं कंबर: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांची ९० आणि बायांची ८० सेंटिमीटरच्या खाली असावी. व्यायाम चालू असताना वजन थांबून कंबर उतरत असेल तर काही बिघडलेलं नाही.

कार्यक्रमांचं ओझं फार घेऊ नका. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात भज्जी, उंडे, आंबील, खीर पोटभर खा. वर्षातून एकदा येते. वजन वाढतं ते त्यानंतर तीन दिवस उरलेली खीर संपवण्यात. लग्नसराईत महिन्याला सहा-सात पंगती असतील तर तिथं गोड एकच घ्या, आणि दुपारची पंगत असेल त्या दिवशी पाचचे फुटाणे सोडून नुसतं ताक घ्या.

तीन-चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही जागेवरच असतील, तर भाकरी कमी करण्याआधी तेलाच्या डब्यावरची तारीख बघा, शेंगदाण्याची वाटी खरंच ३० ग्रॅमची राहिली आहे का ते वजन करा, आणि दोनाचे चार झालेले चहा मोजा. बहुतेक वेळा गळती याच तिघांत सापडते. तिथं सापडली नाही, तर पाच-सहा किलो उतरल्यामुळे शरीराचा खर्चच घटलेला असतो. मग रात्रीच्या भाकरीचं पीठ ५० चं ३५ ग्रॅम करा आणि रोजच्या चालण्यात पंधरा मिनिटं वाढवा. थकवा, केस गळणं, थंडी सोसवत नाही असंही सोबत असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.